स्वस्तात मोटार बुटकी!

एखाद्या संध्याकाळी शहरातल्या रस्त्यावर अशी एक मोटार तुम्ही नक्की पाहिली असेल. रंग झगझगीत, काचा चकचकीत, आणि सारी गाडी जमिनीवर फतकल मारून बसल्यासारखी! चाकांचा वरचा भाग मडगार्डात बुडालेला, पोट रस्त्याला टेकायला आलेले. सरळ रस्त्यावर तिचा डौल पाहावा. पण पुढे गतिरोधक आला की तोच चालक गाडी तिरकी घेतो, गोगलगायीच्या गतीने एकेक चाक वर चढवतो, आणि तरीही पोटाखालून ‘खर्रर्र’ असा आवाज येतोच.

गाडी इतकी खाली कशी आणली, असे विचारले तर बहुतेक वेळा उत्तर सोपे असते : “काही नाही, स्प्रिंगचे दोन वेढे कापले.” खर्च किती? करवतीची दोन पाती आणि एका दुपारची मेहनत. बाजारात नवा आखूड संच घ्यावा तर हजारो रुपये मोजावे लागतात. इथे तर काम जवळजवळ फुकटात झाले. मग हा सौदा फायद्याचाच नाही का?

विद्यार्थिमित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर द्यायला मोटारीचा कारखाना लागत नाही. आठवी-नववीच्या पुस्तकातले बल, कार्य आणि ऊर्जा एवढे भांडवल पुरे आहे. चला, आपणच हिशेब मांडू.

हौसेचे माहेरघर

मोटार बुटकी करण्याची हौस नवी नाही. तिचे एक नामांकित माहेरघर म्हणजे अमेरिकेतील लॉस एंजल्स शहराचा पूर्व भाग. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील मेक्सिकन वंशाच्या तरुणांमध्ये जुन्या मोटारी घेऊन त्या सजवण्याची आणि खाली आणण्याची टूम निघाली. इतर तरुण गाड्या वेगाने पळवण्यात धन्यता मानत. ह्यांची रीत उलटी. गाडी जितकी खाली तितकी सुंदर, आणि चालवायची ती सावकाश, चार लोकांनी पाहावी म्हणून!

या मुलांच्या खिशात पैसे थोडे होते. त्यामुळे त्यांनी जे मार्ग काढले ते सगळे स्वस्तातले. कोणी डिकीत वाळूची किंवा सिमेंटची पोती टाकत. कोणी स्प्रिंगचे वेढे कापत. कोणी गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग लाल करून तिला बसवत. मागच्या बाजूला पाटे असलेल्या गाड्यांत कोणी आस आणि पाटा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालत.

कॅलिफोर्निया राज्याने १९५८ साली कायदा करून या हौसेला लगाम घातला. बदल केलेल्या मोटारीचा चाकांखेरीज कोणताही भाग चाकाच्या लोखंडी रिमच्या सर्वांत खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये, असा तो नियम होता. हे कलम गमतीचे वाटले तरी त्यामागे एक विचार दिसतो. टायरमधली हवा गेली तर गाडी रिमवर येते. अशा वेळीही तिचे पोट रस्त्यावर घासू नये.

नियमावर तोडगाही लवकरच निघाला. १९५९ साली रॉन अगीरे या तरुणाने आपल्या कॉर्व्हेट मोटारीला विमानांच्या भंगारातले तेलाचे पंप बसवले. कळ दाबताच गाडी खाली बसे आणि पुन्हा कळ दाबताच वर येई. पोलीस दिसला की गाडी कायद्यात! द्रवाच्या दाबाबद्दलचा पास्कलचा नियम तुम्ही शाळेत शिकता. त्याचाच हा खट्याळ उपयोग. पुढे ही युक्ती इतकी रुजली की बुटक्या गाड्या हा त्या समाजाच्या अभिमानाचा विषय बनला. अखेर २०२३ साली कॅलिफोर्नियाने ते जुने कलम रद्द केले, आणि १ जानेवारी २०२४ पासून ते पुसले गेले.

कायदा गेला, पण निसर्गाचे नियम कोणतेही विधिमंडळ रद्द करू शकत नाही. ते काय म्हणतात ते आता पाहू.

रबर बँडची साखळी

मोटारीचे सारे धूड चार स्प्रिंगांवर तरंगत असते म्हटले तरी चालेल. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली स्प्रिंगचा नियम पुस्तकरूपाने मांडला. वजन दुप्पट केले की स्प्रिंग दुप्पट दबते, तिप्पट केले की तिप्पट. एक सेंटिमीटर दाबायला किती बल लागते, यावरून स्प्रिंगचा ताठपणा ठरतो.

आता एक सोपा प्रयोग करा. सारखे चार रबर बँड एकमेकांत गुंफून साखळी करा. एक टोक खिळ्याला अडकवा आणि दुसऱ्या टोकाला एखादे कुलूप लटकवा. साखळी किती ताणली गेली ते पट्टीने मोजा. समजा, ८ सेंटिमीटर. आता मधले दोन बँड वगळून केवळ दोनच बँडांवर तेच कुलूप लटकवा. ताण किती? साधारण ४ सेंटिमीटर.

बँड तेच, रबर तेच, कुलूपही तेच. तरी साखळी दुप्पट ताठ झाली! कारण उघड आहे. प्रत्येक बँडवर संपूर्ण कुलपाचे वजन येते आणि प्रत्येक जण आपल्या वाटचे २ सेंटिमीटर ताणला जातो. वाटेकरी कमी झाले की एकूण ताण कमी होतो. जाता जाता आणखी एक गोष्ट पाहा : कुलूप थोडे खाली ओढून सोडा आणि दहा हेलकाव्यांना लागणारा वेळ मोजा. दोन बँडांवर ते अधिक भरभर वरखाली होते.

स्प्रिंगचे वेढे हे असेच वाटेकरी असतात. मोटारीची स्प्रिंग ही खरे तर वेटोळे केलेली एक पोलादी सळई. स्प्रिंग दबते तेव्हा ही सळई आतल्या आत पिळली जाते. लांब सळई पिळणे सोपे, आखूड सळई पिळणे अवघड. म्हणून वेढे कापल्याने स्प्रिंग नुसती आखूड होत नाही. ती ताठही होते. पुष्कळांच्या ध्यानात न येणारी पहिली गोष्ट ती हीच.

कागदावरची मोटार

आता आकडे घेऊ. समजा, आपल्या मोटारीचे वजन १२०० किलोग्रॅम आहे आणि प्रत्येक चाकाच्या स्प्रिंगवर ३०० किलोग्रॅम येतात. (चाकांचे स्वतःचे वजन आपण सोपेपणासाठी सोडून देऊ, आणि स्प्रिंग थेट चाकावर उभी आहे असे मानू.) स्प्रिंगला आठ वेढे आहेत, मोकळी असताना तिची उंची ४० सेंटिमीटर आहे आणि ती १ मिलिमीटर दाबायला २० न्यूटन बल लागते.

३०० किलोग्रॅमचे वजन म्हणजे सुमारे २९४० न्यूटन. म्हणून गाडी नुसती उभी असताना स्प्रिंग २९४० ÷ २० = १४७ मिलिमीटर, म्हणजे १४.७ सेंटिमीटर दबलेली असते. तिची उंची राहते २५.३ सेंटिमीटर, आणि प्रत्येक वेढ्याच्या वाट्याला जवळजवळ ३.२ सेंटिमीटर.

दोन वेढे कापा. उरलेल्या सहा वेढ्यांवर वजन पूर्वीइतकेच आहे, म्हणून प्रत्येक वेढा पूर्वीइतकाच दबतो. म्हणजे गाडी नेमकी दोन वेढ्यांच्या उंचीने, ६.३ सेंटिमीटरने खाली येते. स्प्रिंगचा ताठपणा मात्र २० वरून २० × ८ ÷ ६, म्हणजे सुमारे २६.७ झाला. वाढ एक तृतीयांश. पूर्वी गाडी सेकंदाला १.३ हेलकावे घेत असे, आता १.५ घेईल. शॉक ॲब्सॉर्बरचे काम हे हेलकावे शमवण्याचे. तो जुन्या स्प्रिंगच्या मापाने बनवलेला असतो. नव्या ताठ स्प्रिंगपुढे तो दुबळा पडतो.

“थोडे धक्के बसतील, सोसू!” असे कोणी म्हणेल. पण थांबा, खरा हिशेब पुढेच आहे.

अंतराचा वर्ग

स्प्रिंगच्या जवळ रबराचा एक ठोकळा असतो. गॅरेजात त्याला ‘बंप स्टॉपर’ म्हणतात. चाक फारच वर आले तर लोखंडावर लोखंड आदळू नये म्हणून तो असतो. ही शेवटची तटबंदी आहे, रोजचा रस्ता नव्हे. समजा, मूळ गाडीत चाक आणि तटबंदी यांच्यामध्ये ८ सेंटिमीटर मोकळी जागा होती. गाडी ६.३ सेंटिमीटर खाली आली. आता उरले किती? फक्त १.७ सेंटिमीटर.

गाडी खड्ड्यावर आदळते तेव्हा धक्क्याची ऊर्जा स्प्रिंग पोटात घेते. उभ्या स्थितीपासून पुढे दबताना स्प्रिंग गाडीचे वजन सोसून आणखी किती ऊर्जा झेलते, याचे सूत्र तुम्हाला माहीत असेल : ताठपणाचा निम्मा, गुणिले अंतराचा वर्ग.

मूळ स्प्रिंग : ½ × २०,००० × ०.०८ × ०.०८ = ६४ जूल.

कापलेली स्प्रिंग : ½ × २६,६६७ × ०.०१७ × ०.०१७ = सुमारे ४ जूल.

६४ आणि ४! ताठपणा एक तृतीयांशाने वाढला खरा, पण अंतर जवळजवळ पाचपटीने घटले, आणि सूत्रात अंतराचा वर्ग आहे. झेलण्याची ताकद सोळाव्या हिश्शावर आली. बाकीचा धक्का कोठे जाणार? शॉक ॲब्सॉर्बर थोडा खाईल. उरलेला रबरी ठोकळ्यामार्फत गाडीच्या सांगाड्यात, आणि सांगाड्यातून तुमच्या पाठीच्या कण्यात. क्रिकेटमधला झेल आठवा. चेंडू येताना हात मागे नेले तर तळवा वाचतो. हात ताठ ठेवला तर बोट मोडते. सस्पेन्शन म्हणजे मोटारीचा मागे जाणारा हात. आपण दुपारच्या मेहनतीत कापले ते पोलाद नव्हे, हे मागे जाण्याचे अंतर!

आता या गाडीत चालकाबरोबर आणखी चार माणसे बसवा. साठ किलोग्रॅमची चार माणसे म्हणजे २४० किलोग्रॅम. भार चारी चाकांवर सारखा वाटला असे धरू, म्हणजे प्रत्येक चाकावर ६०. त्याने कापलेली स्प्रिंग २२ मिलिमीटर दबली पाहिजे. पण जागा तर १७ मिलिमीटरच आहे! म्हणजे गाडी अंगणात उभी असतानाच, इंजिन सुरू होण्यापूर्वीच, रबरावर टेकली. यापुढे तिला स्प्रिंग असून नसल्यासारखी.

दुसरा धोका उलट दिशेचा आहे. चाक खोल खड्ड्यात लोंबकळते तेव्हा शॉक ॲब्सॉर्बर पूर्ण ताणला जातो. समजा, मूळ उंचीपासून तो १० सेंटिमीटर ताणतो; म्हणजे स्प्रिंगच्या दोन बैठकींमधले अंतर ३५.३ सेंटिमीटर होते. मूळ स्प्रिंगची मोकळी उंची ४० सेंटिमीटर, म्हणून ती तेव्हाही घट्ट बसलेली असते. कापलेली स्प्रिंग मोकळी केली तरी ३० सेंटिमीटरच! पाच सेंटिमीटरची फट पडून ती बैठकीत खुळखुळते, आणि चाक परत वर येताना जागेवर बसेल याचा भरवसा नाही. अशा वेळी वळणावर काय होईल याची कल्पना तुम्हीच करा.

इतर स्वस्त युक्त्या

लॉस एंजल्सच्या मुलांचे बाकीचे मार्गही याच तराजूत घालू.

डिकीतली पोती : पन्नास किलोग्रॅमची चार पोती मागच्या दोन स्प्रिंगांवर आली, तर गाडीची मागची बाजू जवळजवळ ५ सेंटिमीटर खाली बसते. इथे स्प्रिंग ताठ होत नाही. वजन वाढल्याने हेलकावे उलट संथ होतात, सेकंदाला १.१. पण मोकळी जागा तितकीच खाल्ली जाते. शिवाय २०० किलोग्रॅमचे ओझे दर वेळी ब्रेकने थांबवायचे, पेट्रोल जाळून पळवायचे, आणि मागची बाजू बसल्यामुळे पुढचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जाणार. एक गुण मात्र मान्य केला पाहिजे : पोती उतरवली की गाडी जशीच्या तशी.

ज्योतीने तापवणे : हा सर्वांत घातक मार्ग. स्प्रिंगच्या पोलादाला कारखान्यात मोजून-मापून पाणी दिलेले असते. आधी तापवून थंड करून कठीण करायचे, मग पुन्हा बेताचे तापवून चिवट करायचे. ती लाल होईपर्यंत तापवली की हे पाणी उतरते. मग तिचे काही वेढे मऊ, काही कठीण, आणि ती दिवसेंदिवस बसतच जाते. गॅसने कापलेल्या स्प्रिंगच्या टोकाचीही हीच गत. लोहाराला विचारा, तो एका वाक्यात समजावून सांगेल.

पाट्यावरचा ठोकळा : आस पाट्याच्या वर बसलेली असेल, तर मध्ये ठोकळा घालून गाडी खाली येते आणि पाट्याचा ताठपणा बदलत नाही. या दृष्टीने ही युक्ती त्यातल्या त्यात बरी. पण मोकळ्या जागेचा हिशेब हिलाही चुकत नाही.

तेलाचे पंप बसवणाऱ्याने मात्र मर्म ओळखले होते. त्याला अंतर हवे तेव्हा परत मिळत होते.

मग फायदा काहीच नाही?

असे नाही. शर्यतीच्या मोटारी बुटक्या असतात, त्या उगीच नव्हे. गाडी वळते तेव्हा आतल्या चाकांवरचा भार कमी होऊन बाहेरच्या चाकांवर जातो. गुरुत्वमध्य जितका उंच, तितका हा बदल अधिक. आपल्या १२०० किलोग्रॅमच्या गाडीचा गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटरवर आहे आणि दोन्ही बाजूंच्या चाकांत १.४ मीटर अंतर आहे असे धरू. बऱ्यापैकी जोरात वळताना, म्हणजे ४ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण असताना, १२०० × ४ × ०.५५ ÷ १.४ = सुमारे १८९० न्यूटन भार बाहेरच्या बाजूला सरकतो. गुरुत्वमध्य ६ सेंटिमीटर खाली आणला तर १६८०. फायदा अकरा टक्क्यांचा. पण शर्यतीची गाडी गुळगुळीत रस्त्यावर धावते, आणि तिची स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर, चाकांचे कोन हे सारे एकत्र आखलेले असते. एकच भाग कापून इतरांना ‘जमवून घ्या’ असे तिथे कोणी सांगत नाही.

आपले रस्ते वेगळे. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. पुढच्या-मागच्या चाकांत २.४ मीटर अंतर असलेली गाडी अशा गतिरोधकाच्या बरोबर मध्यावर आली, की तिची चाकेही सुमारे ५.८ सेंटिमीटर उंचीवर असतात. म्हणजे उंचवटा पोटाकडे फक्त ४.२ सेंटिमीटर डोकावतो. पोट १७ सेंटिमीटरवरून १०.७ वर आणलेली गाडीसुद्धा सावकाश गेली तर यावरून सुखरूप जाईल! पण गल्लीत, गावच्या वेशीवर लोकांनी हौसेने घातलेले अरुंद, उभे गतिरोधक? तिथे दोन्ही चाके जमिनीवर आणि उंचवटा थेट पोटाखाली. तो ‘खर्रर्र’ आवाज तिथला.

आपल्याकडे कायद्याचेही बंधन आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२व्या कलमानुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते अधोरेखित केले. तेव्हा हत्यार उचलण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी हे उत्तम.

सर्वांत स्वस्त मार्ग

तरीही कोणाला आपली गाडी वळणावर अधिक स्थिर हवी असेल, तर शेवटी एक खरोखर फुकटचा उपाय सांगतो.

सुटीत गावी निघताना टपावरच्या कॅरियरवर ७५ किलोग्रॅम सामान बांधले आहे असे समजा. तेच सामान उतरवून सुमारे १ मीटर खाली, डिकीत आणि पायांपाशी ठेवा. सामानासह गाडी १२७५ किलोग्रॅमची. गुरुत्वमध्य किती खाली आला? ७५ × १ ÷ १२७५ मीटर, म्हणजे जवळजवळ ६ सेंटिमीटर! दोन वेढे कापून जे मिळाले असते, साधारण तितकेच. स्प्रिंग शाबूत, मोकळी जागाही शाबूत, खर्च शून्य. त्याच्या जोडीला टायरमधली हवा तपासा आणि दमलेले शॉक ॲब्सॉर्बर बदलून घ्या. गाडी दिसायला बुटकी होणार नाही, पण धावेल झकास.

आणि एवढे वाचूनही तुमचा एखादा थोरला भाऊ किंवा काका करवत घेऊन गॅरेजकडे निघालाच, तर त्याला अडवू नका. त्याच्या हातात चार रबर बँड, एक कुलूप आणि एक पट्टी द्या, आणि म्हणा, “आधी एवढे मोजून दाखवा.”